डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे पोषणविषयक संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना

संख्याशास्त्र हे स्वतःच्या मालकीचा विषय नसलेले शास्त्र आहे, असे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावे लागते. ते कधी शेतीत, कधी वैद्यकात, तर कधी अर्थशास्त्रात पाहुणे म्हणून जाते. हा पाहुणा यजमानाच्या घरातील कारभार कितपत हाती घेऊ शकतो, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत फारसा विचारला जात नाही. जीवसंख्याशास्त्राच्या क्षेत्रात हा प्रश्न ज्यांच्या कार्यामुळे सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला, असे एक मराठी नाव म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७). नमुना पाहणीच्या शास्त्रातील त्यांचे स्थान वादातीत आहे. आरोग्य व पोषण या क्षेत्रातील त्यांचे कार्य मात्र अत्यंत वादग्रस्त ठरले आणि तो वाद अद्याप शमलेला नाही. त्यांच्यावरील मराठी लेखन बहुधा गौरवपर असते, तर अर्थशास्त्राच्या वर्गात ते ‘दारिद्र्य कमी दाखविणारे संख्याशास्त्रज्ञ’ म्हणून एका वाक्यात निकालात निघतात. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. सुखात्म्यांचे संख्याशास्त्र कोठपर्यंत बरोबर होते आणि नेमक्या कोणत्या पायरीवर ते आपल्या अधिकाराच्या बाहेर गेले, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बुध ते रोम

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले व पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. त्या काळी हे महाविद्यालय म्हणजे संख्याशास्त्राची काशीच होती. रोनाल्ड फिशर, जर्झी नेमन व इगॉन पिअर्सन या तिघांचा सहवास त्यांना तेथे लाभला. फिशर आणि नेमन यांचे आपसांत पटत नसे, हे सर्वश्रुत आहे. दोघांकडून शिकणारा विद्यार्थी वादाला घाबरणारा निघणे तसे अवघडच. १९३६ साली पीएच. डी. व १९३९ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी लंडन विद्यापीठातून मिळविल्या.

भारतात परतल्यावर तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चमध्ये त्यांनी जो संख्याशास्त्र विभाग वाढविला, त्यातूनच पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था आकाराला आली. १९५१ मध्ये ते रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले व सुमारे वीस वर्षे तेथील संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. १९५४ साली प्रसिद्ध झालेला नमुना पाहणीवरील त्यांचा ग्रंथ पदव्युत्तर वर्गांत अनेक वर्षे प्रमाणभूत मानला गेला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे रजत गाय पदक आणि १९७१ चा पद्मभूषण किताब यांनी त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी विश्रांती घेतली नाही. पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जीवमिती व पोषण या विषयांवर त्यांनी नव्याने काम उभे केले, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा वाद याच उत्तरपर्वातील आहे.

शेताच्या कडेवरचे रोप

पोषणाकडे वळण्यापूर्वी त्यांच्या शेतीविषयक कामातील एका प्रकरणाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पुढील सर्व चर्चेची किल्ली त्यात आहे.

पिकाचा अंदाज बांधण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे आणेवारी. गावकामगार डोळ्यांनी पीक पाहून ‘यंदा दहा आणे पीक’ असे ठरवीत असे. १९४० च्या दशकात या नजर-अंदाजाची जागा यादृच्छिक नमुना पद्धतीने निवडलेल्या शेतांतील पीक कापणी प्रयोगांनी घ्यावी, यासाठी सुखात्म्यांनी अखिल भारतीय पातळीवर प्रयत्न केले. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस हेही याच दिशेने काम करीत होते. परंतु कापणीचा तुकडा केवढा असावा, याविषयी दोघांत तीव्र मतभेद झाला. महालनोबिस लहान आकाराच्या तुकड्यांचे पुरस्कर्ते होते, कारण थोड्या खर्चात पुष्कळ तुकडे कापता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हा मुद्दा मांडला.

अंदाज का फुगतो? तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, असा संशय पडतो, आणि कापणाऱ्याचा कल अशी रोपे आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने परिमिती मोठी, म्हणून संशयास्पद रोपांचे प्रमाण अधिक. आजही पीकविम्याची भरपाई कापणी प्रयोगांवर अवलंबून असल्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

या प्रकरणातील खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. लहान तुकड्याचा अंदाज चुकतो हे सुखात्म्यांना सिद्ध करता आले, याचे कारण ताडून पाहण्यासाठी मोठ्या क्षेत्राची प्रत्यक्ष कापणी उपलब्ध होती. शेत उभे होते व ते कापून, मळून, तोलून पाहता येत होते. सीमारेषेविषयीचा वाद धान्याच्या राशीने मिटविला. मानवी शरीराच्या बाबतीत अशी रास घालता येत नाही. सुखात्म्यांच्या पुढील संशोधनाचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचे मूळ याच फरकात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भुकेल्यांची मोजणी

दुसऱ्या महायुद्धानंतर जगातील भुकेविषयी मोठमोठे आकडे बोलले जात. अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० साली मानवजातीचा किमान दोन तृतीयांश भाग कुपोषित असल्याचे म्हटले होते. कोलिन क्लार्क यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी या आकड्यावर कडाडून टीका केली व ती बव्हंशी रास्त होती. १९६१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या जगाच्या भुकेविषयीच्या निबंधात सुखात्म्यांनी या गोंधळात प्रथमच शिस्त आणली.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे आणि तो अचूक आहे. एका देशातील लोकांची सरासरी गरज, उदाहरणादाखल, दरडोई २४०० उष्मांक मानू. याचा अर्थ प्रत्येकाची गरज २४०० आहे असा होत नाही. वय, लिंग, वजन व काम सारखे असलेल्या दोन माणसांची गरजही सारखी नसते. आता कल्पना करा की एखाद्या सुखी गावात प्रत्येक जण स्वतःच्या गरजेइतकेच नेमके जेवतो. त्या गावातील आहाराची सरासरी २४०० येईल व साधारण निम्मे लोक त्या सरासरीच्या खाली असतील. सरासरीपेक्षा कमी खाणारा तो उपाशी, असे मानले तर एकही उपाशी माणूस नसलेल्या गावात निम्मे गाव उपाशी ठरेल. तेव्हा सरासरी ही सीमारेषा होऊ शकत नाही. गरजेतील विचरण लक्षात घेऊन सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करावी व त्या रेषेच्या खाली असणाऱ्यांनाच निःसंशय अल्पपोषित म्हणावे, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. विचरणाचे प्रमाण सरासरीच्या १५ टक्के धरले तर २४०० ची रेषा १६८० वर येते.

या पद्धतीने जगातील अल्पपोषितांचे प्रमाण १० ते १५ टक्के निघाले. गुणात्मकदृष्ट्या निकृष्ट आहार घेणारे धरले तर ते निम्म्या लोकसंख्येपर्यंत जाते, हेही त्यांनी नमूद केले. संघटनेच्या १९६३ मधील तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत हीच भूमिका आढळते.

प्रथिनांच्या प्रश्नावरही त्यांच्या या शिस्तीने चांगले काम केले. १९६० च्या दशकात जगापुढे ‘प्रथिनसंकट’ उभे असल्याची हाकाटी होती व संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून माशांची भुकटी, तेलबियांच्या पेंडीचे पीठ इत्यादी उपाय सुचविले जात होते. सुखात्म्यांनी भारतीय आहाराची आकडेवारी तपासून दाखविले की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना बहुतांशी एकूण अन्नच कमी पडते. भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनांचा प्रश्न बहुतेकांपुरता आपोआप सुटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन हेही वैद्यकीय निरीक्षणावरून याच निष्कर्षाला आले होते. पुढे १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सर्व प्रथिनमोहिमेची फजिती जाहीरपणे मांडली. संख्याशास्त्रज्ञ आणि वैद्य येथे एकाच बाजूला होते, ही गोष्ट पुढील संघर्ष पाहता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रेषा आणि तिच्या दोन चुका

दोन प्रमाण विचलने वजा करण्याच्या नियमाविषयी येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गृहीतक-परीक्षणात दोन प्रकारच्या चुका असतात, हे नेमन व पिअर्सन यांचे सुप्रसिद्ध प्रतिपादन आहे. जो उपाशी नाही त्याला उपाशी ठरविणे ही एक चूक आणि जो उपाशी आहे त्याला वगळणे ही दुसरी. रेषा १६८० वर नेली की पहिली चूक जवळजवळ नाहीशी होते. पण ज्याची गरज २७०० आहे आणि ज्याला २००० च मिळतात, असा मजूर या रेषेच्या वर राहतो व मोजणीतून निसटतो. पहिल्या चुकीची किंमत सरकारी तिजोरीला पडते, तर दुसरीची किंमत त्या मजुराला. कोणती चूक अधिक वाईट हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. नेमन-पिअर्सन यांच्या शिष्याने हा मुद्दा आपल्या लेखनात जेवढ्या ठळकपणे मांडायला हवा होता तेवढा तो मांडलेला दिसत नाही. दोन प्रमाण विचलनांची रेषा ही निसर्गाने आखलेली नसून एक निवड आहे.

तरीही १९६१ ची ही रेषा समर्थनीय आहे. जिथे माणसामाणसांतील गरजेचा फरक खराखुरा आहे, तेथे सावध अंदाज देणे हे संख्याशास्त्रज्ञाचे कर्तव्यच ठरते. अडचण सुरू होते ती यानंतर.

दोन माणसांतील फरक आणि एका माणसातील फरक

१९७० नंतर पुण्यात असताना सुखात्म्यांची भूमिका बदलली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शेल्डन मार्जेन यांच्यासमवेत त्यांनी १९७८ व १९८२ साली जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत विचरणाचा नवाच अर्थ मांडला गेला. नियंत्रित आहारावर ठेवलेल्या निरोगी तरुणांच्या नत्र-समतोलाच्या दीर्घ नोंदी त्यांच्यापुढे होत्या. आहार स्थिर ठेवूनही समतोल रोज बदलतो. हे बदल निव्वळ यादृच्छिक नसून आजचे मूल्य कालच्या मूल्याशी बांधलेले असते, म्हणजेच मालिकेत स्व-सहसंबंध आढळतो. दिवसांची संख्या वाढविली तरी सरासरीतील अनिश्चितता अपेक्षेइतक्या वेगाने घटत नाही. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की शरीर ही स्वयंनियामक यंत्रणा आहे. माणसाची गरज हा एक ठराविक आकडा नसून एक पट्टा आहे. त्या पट्ट्यात आहार कमीजास्त झाला तरी शरीर अन्नाच्या वापराची कार्यक्षमता बदलून समस्थिती राखते. पट्ट्याची खालची कड ओलांडली तरच अल्पपोषण होते.

बारकाईने पाहिल्यास येथे रेषा जागची हललेली नाही. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा, हे सूत्र तेच आहे. बदलला आहे तो तिचा अर्थ. पूर्वी रेषेच्या वरच्या बाजूस असलेल्या कमी आहाराच्या माणसाविषयी ‘याची गरजच कमी असू शकेल, तेव्हा आपण त्याला उपाशी म्हणण्याचे धाडस करू नये’ असे म्हटले जात होते. आता ‘याने जुळवून घेतले आहे, तेव्हा तो उपाशी नाहीच’ असे म्हटले जाऊ लागले. पहिले विधान अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे. दुसरे विधान शरीरक्रियेविषयीचा दावा आहे, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी शरीरक्रियाशास्त्राच्या पद्धतीनेच पार पाडावी लागते.

खर्चापेक्षा कमी ऊर्जा शरीरात आली तर तीनच वाटा उरतात. वजन घटेल, हालचाल घटेल, किंवा तेच काम कमी ऊर्जेत होऊ लागेल. तिसरी वाट फुकटची आहे, पहिल्या दोन नाहीत. मालिकेतील स्व-सहसंबंध या तिहींपैकी कोणती वाट घेतली गेली ते सांगू शकत नाही, कारण तिन्ही परिस्थितींत मालिका सारखीच दिसेल. विचरणाला किंमत कळत नाही. १९४४-४५ मधील अँसेल कीज यांच्या मिनेसोटा येथील प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. त्यांच्या शरीरांनीही अखेर नवा समतोल गाठला. पण तो गाठताना त्यांनी सुमारे एक चतुर्थांश वजन गमावले होते, त्यांचे हिंडणेफिरणे मंदावले होते व अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचत नव्हता. त्याही समतोलाला संख्याशास्त्राच्या भाषेत समस्थितीच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप खुद्द संख्याशास्त्रातीलच आहे आणि प्रस्तुत लेखकाला तो अधिक निर्णायक वाटतो. क्षणभर मान्य करू की विचरण केवळ एकाच माणसातील आहे, म्हणजे प्रत्येकाची सरासरी गरज २४०० च असून तो वेगवेगळ्या काळी तिच्या वरखाली होत राहतो. तसे असेल तर वेगवेगळ्या घरांतील चारशे माणसांची सरासरी काढली असता हे चढउतार एकमेकांस छेदून जातील. एका माणसाचे प्रमाण विचलन ३६० धरले तर चारशेंच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ३६० भागिले २०, म्हणजे अवघी १८ येते. प्रत्येक माणसाच्या मालिकेत कितीही स्व-सहसंबंध असला तरी वेगवेगळ्या माणसांच्या सरासरीवर त्याचा परिणाम होत नाही. मग समाजातील सर्वांत गरीब वर्गाची सरासरी जर १९०० च्या घरात आली, आणि ती दर फेरीत तशीच येत राहिली, तर तिचा उलगडा शरीराच्या लयबद्ध चढउतारांनी करता येणार नाही. हंगामाचा परिणाम सर्व घरांवर एकाच वेळी होतो, हे खरे. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या मुलाखती वर्षभरात विभागलेल्या असतात. श्रीमंत घरांच्या नोंदीत नोकरचाकरांना दिलेले जेवण मिसळते व त्यामुळे दोन वर्गांतील अंतर काहीसे फुगते, हेही खरे. या दुरुस्त्या करूनही वर्गांच्या सरासरीतील उतरंड शिल्लक राहते. जी उतरंड उत्पन्नाच्या क्रमाने चालते ती यादृच्छिक नसते.

पुण्यातील वाद

या वादाचे रणांगण मुख्यतः पुणे हेच होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई २२५० उष्मांक आधारभूत मानून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचा अंदाज दिला होता. सुखात्म्यांच्या मते सरासरी गरजेवर आखलेली अशी रेषा अल्पपोषण फुगवून दाखविते. त्यांच्या रेषेने हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येत होते. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर १९८१-८२ मध्ये दोघांत जी लेखी चकमक झाली ती आजही वाचनीय आहे. दांडेकरांच्या दोन लेखांची शीर्षकेच सांगतात की दारिद्र्याचे मापन आणि अल्पपोषणाचे मापन हे ते दोन स्वतंत्र प्रश्न मानत होते. दारिद्र्यरेषेवरील टीका म्हणून सुखात्म्यांच्या युक्तिवादात तथ्य होते; कारण उष्मांकांवर बेतलेली रेषा ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. परंतु एका चुकीच्या रेषेचे खंडन केल्याने दुसरी रेषा आपोआप बरोबर ठरत नाही.

वाद अधिक चिघळला तो डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या ‘लहान पण निरोगी’ या सूत्राने. सुखात्म्यांनी संपादित केलेल्या व १९८२ साली पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातच हा निबंध आहे. सौम्य व मध्यम कुपोषित म्हणून गणली जाणारी बहुसंख्य मुले केवळ लहान चणीची असून निरोगी आहेत, असे सेक्लर यांचे म्हणणे. प्रथिनांच्या प्रश्नावर सुखात्म्यांच्या बाजूला असलेले गोपालन आता कठोर विरोधक झाले. लहानपणा निरोगी असेल तर तो गरिबांनाच का सुचविला जातो, श्रीमंतांना का नाही, हा त्यांच्या १९८३ मधील टीकेचा रोख होता. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ बैठकीने (अहवाल १९८५) ऊर्जेची गरज ठरविताना माणूस किती खातो याऐवजी त्याचा खर्च किती होतो हे प्रमाण मानले, आणि त्या खर्चात पोटासाठी आवश्यक असलेल्या कष्टांबरोबरच समाजात वावरण्यासाठी लागणाऱ्या हालचालींनाही स्थान दिले. दिवसभर खडी फोडून आलेली स्त्री संध्याकाळी मुलाशी खेळू शकत नसेल, तर तिचा ऊर्जा-समतोल साधला आहे असे म्हणणे या व्याख्येत बसत नाही.

पुढील पुरावा

चाळीस वर्षांनंतर या वादाकडे पाहताना पुरावा एकाच बाजूला झुकत नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

उंचीच्या बाबतीत तो सेक्लर यांच्या विरुद्ध गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांत सुस्थितीतील, स्तनपानावर वाढलेल्या मुलांची मोजमापे घेतली. दिल्लीतील मुले ऑस्लोतील मुलांच्या जवळपास तशीच वाढली. २००६ ची वाढीची मानके यावर उभी आहेत. अरविंद पनगारिया यांनी २०१३ साली ही मानके भारतीय मुलांना लावण्यावर आक्षेप घेऊन जुना वाद नव्याने छेडला, पण दिल्लीच्या मुलांचा पुरावा त्यांना दूर सारता आलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीतही पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय मुलांची उंची खुंटलेली आढळली.

दुसरीकडे, अन्न पोटात जाणे व ते अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दूषित पाणी व अस्वच्छतेतून होणारा संसर्ग अन्न वाया घालवितो, हा मुद्दा सुखात्मे उत्तरायुष्यात सातत्याने मांडत होते. तो दुर्लक्षिला गेला. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावांत झालेल्या स्वच्छता मोहिमेच्या यादृच्छिक चाचणीत मुलांची उंची काहीशी वाढल्याचे आढळले. तथापि बांगलादेश, केनिया (२०१८) व झिंबाब्वे (२०१९) येथील मोठ्या चाचण्यांत शौचालये व पाणी यांच्या सोयींचा उंचीवर परिणाम दिसला नाही. या प्रश्नाचा निकाल अजून लागायचा आहे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र सुखात्म्यांनी ज्या संस्थेत पोषणसंशोधनाचे बीज पेरले तेथूनच आला. ती संस्था आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील डॉ. शोभा राव आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. या स्त्रियांचा आहार अठराव्या आठवड्यात सरासरी पावणेअठराशे उष्मांकांच्या आसपास होता व बाळांचे सरासरी वजन २.७ किलोपेक्षा थोडे कमी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आईच्या आहारातील उष्मांक वा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. २००३ मध्ये दोन निष्कर्ष पुढे आले. आईचे कष्ट जितके अधिक तितके बाळ लहान, हा एक. दुसरा असा की साउथॅम्प्टनच्या साडेतीन किलोच्या बाळाशी तुलना करता पुण्याचे बाळ लहान असले तरी त्याची चरबी त्या प्रमाणात कमी नसते. कमी पडतात ते स्नायू व अवयव. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, या दिशेने याज्ञिक यांचे संशोधन गेले आहे.

उष्मांकांची मोजणी हेच पोषणाचे सर्वस्व नव्हे, हा सुखात्म्यांचा आग्रह येथे खरा ठरतो. पण पावणेअठराशे उष्मांकांवर शेतात राबणारी ही स्त्री १६८० च्या रेषेच्या वर आहे. तिच्या शरीराने जुळवून घेतले, गर्भ पोसला, बाळ जन्माला घातले. त्या जुळवून घेण्याची किंमत तिच्या स्वतःच्या मालिकेत कोठेही उमटली नाही. ती बाळाच्या शरीरात उतरली, आणि कदाचित चाळीस वर्षांनी रक्तशर्करेच्या अहवालात दिसेल. शेताच्या बाबतीत सुखात्म्यांनी जी पूर्ण कापणी ताडून पाहिली होती, तिच्या जवळ जाणारे मोजमाप येथे दुसऱ्या पिढीपर्यंत वाट पाहिल्यावर हाती आले.

रेषेचा पुढचा प्रवास

अन्न व कृषी संघटनेची अल्पपोषितांची मोजणी आजही किमान ऊर्जा गरजेच्या रेषेवर चालते. १९६१ च्या निबंधातील मूळ कल्पना तीत स्पष्ट ओळखू येते. जागतिक भूक निर्देशांकाविषयी भारत सरकारने २०२१ व २०२२ मध्ये जे आक्षेप नोंदविले त्यांत या मोजणीच्या पद्धतीवरही बोट ठेवले होते. उत्तरकालीन सुखात्म्यांच्या भूमिकेचा ठसा मात्र संघटनेच्या १९८५ मधील पाचव्या जागतिक अन्न पाहणीत उमटला. त्या पाहणीने निर्णय न घेता दोन रेषा शेजारी शेजारी छापल्या. शरीर विनामूल्य जुळवून घेते असे मानले तर मूलभूत चयापचय दराच्या १.२ पट, आणि तसे मानले नाही तर १.४ पट. पहिल्या रेषेने १९७९-८१ या काळात विकसनशील देशांतील सुमारे ३३.५ कोटी माणसे अल्पपोषित ठरली व दुसरीने सुमारे ४९.४ कोटी. कडेवरच्या रोपांची संख्या सुमारे सोळा कोटी होती.